दोन पिनांचं विमान

विमानाचं तिकीट काढताना माणसं काय बघतात? किती वाजता सुटतं, किती वाजता पोचतं, मध्ये किती तास तिष्ठत बसावं लागतं. मी भोकं बघते. हसू नका. खुर्चीच्या हाताला हेडफोनची पिन खुपसायची जागा असते ना, तिथं भोक एक आहे की दोन, एवढ्या एका गोष्टीवरून गेल्या हिवाळ्यात मी मुलीशी भांडले, आठ दिवस अबोला धरला, आणि जर्मनीला जायला सात तास जास्त लागणारं तिकीट तिला काढायला लावलं. बरं, ती काही परकी नाही, एकुलती एक मुलगी आहे. पण कारण तिलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते.

आमच्या ह्यांचं बुधवार पेठेत दुरुस्तीचं दुकान होतं, एका मित्राच्या भागीत. आधी रेडिओ, मग टेप, मग टीव्ही, आणि शेवटी शेवटी लोकांचे रिमोट. चाळीस वर्षं त्या दहा बाय आठच्या जागेत बसून ह्यांनी पुण्यातल्या निम्म्या घरांचे आवाज दुरुस्त केले असतील. स्वभाव असा की, आतून उघडून बघितल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मला वस्तू जागच्या जागी लागतात, आणि माणसंही.

मुलगी जर्मनीत स्थायिक झाली आणि आम्ही पहिल्यांदा विमानात बसलो. माझ्या समोरचा पडदा बंद. हवाई सुंदरीनं दोनदा बटणं दाबली, तिसऱ्यांदा गोड हसली आणि गेली. हे शेजारी कानाला लावून खुशाल पिक्चर बघतायत, आणि मी सात तास पुढच्या माणसाचं टक्कल! वारज्याच्या घरी परत येईपर्यंत मी ते टक्कल ह्यांना ऐकवत होते. दोन वर्षांनी पुन्हा जायची वेळ आली तेव्हा ह्यांनी दुकानातून एक वायर आणली. एका टोकाला दोन पिनांचा प्लग, जुन्या मोठ्या विमानांत बसतो तो. दुसऱ्या टोकाला दोन तोंडं, म्हणजे एकाच पडद्याचा आवाज दोघांना ऐकता यावा. जोडावर काळी पट्टी आणि पट्टीवर परत दोरा गुंडाळलेला, पापडाच्या पिशवीला गुंडाळतात तसा. सोबत दुकानातलेच दोन चांगले हेडफोन. विमानवाले देतात त्याला ह्यांनी कधी हात लावला नाही. "हे काय हेडफोन आहेत? डबड्यात खडे," म्हणायचे, आणि पाकीट न फोडता परत.

तेव्हापासून तिकीट काढायचं म्हणजे घरात सोहळाच. मुलीसाठी स्थळ बघावं तसे हे विमान बघायचे. कॉम्प्युटरवर आसनांचा नकाशा उघडायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि बोटानं रांगा मोजायच्या. तीनशे तीस प्रकारचं विमान पाहिजे म्हणजे पाहिजेच. का, तर त्यात जुनी दोन भोकं असतात, आणि खिडकीच्या बाजूला दोनच खुर्च्या. तिसरा माणूसच नाही. नवीन विमानं चकचकीत असली तरी त्यांत भोक एकच, नाहीतर तेही नाही, सगळं हवेतून. "हवेतून आलेलं ऐकायला मी काय ऋषी आहे?" हे विचारायचे. माझे भाऊजी एकदा म्हणाले, "अहो, लोक वेळ बघून विमान धरतात." तर हे म्हणाले, "लोकांना घाई असते. आम्हाला बायको शेजारी पाहिजे असते." मी स्वयंपाकघरात लाल.

तर आमची पद्धत अशी बसली. हे खिडकीशी, मी वाटेकडच्या खुर्चीत. ह्यांच्या पडद्यावर पिक्चर, माझ्या पडद्यावर नकाशा. विमान आता कुठं आहे, खाली कोणता समुद्र, कोणते डोंगर. तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढलेला कॅस्पियन समुद्र पायाखालून जातोय आणि मी पिक्चर बघू? पण कानात मात्र दोघांच्याही पिक्चर. मी ऐकायची, मधून मधून त्यांच्या पडद्याकडे मान वळवायची आणि विचारायची, "हा कोण?" हे सांगायचे. "तुझा पिक्चर काय, एक बाण सरकतोय नुसता," असंही म्हणायचे.

भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मला झोप आली की मी हेडफोन काढायची, वायरीतून पिन ओढायची, नीट गुंडाळी करायची आणि पिशवीत ठेवायची. तसंच लोंबकळत ठेवून झोपणं मला जमत नाही. की लगेच ह्यांचं कोपर बरगडीत. "अगं, लाव ना." मी म्हणायची, "बघा की एकटे, मी काय हात धरलाय तुमचा?" तर नुसतं, "लाव म्हटलं ना." मी चरफडत परत लावायची. मला वाटायचं, स्वभावच आहे मेला. एकटं चहा पिता येत नाही, एकटं जेवता येत नाही, पिक्चर तरी कसा बघता येईल! मैत्रिणींना मी हे हसत हसत सांगायचे.

शेवटच्या वेळी परत येताना मात्र ह्यांनी कोपर मारलं नाही. मुलीकडं दोन महिने नातवामागं धावून मी पार दमले होते. पिक्चर सुरू झाला, एक म्हातारी आणि तिचं चिंचेचं झाड इतपत ऐकलं, आणि मी पिन काढली, सगळं पिशवीत भरलं, पिशवी उशाला घेतली आणि जी झोपले ती दोन तासांनी उठले. नकाशावरचा बाण अरबी समुद्रावर आला होता. ह्यांच्या पडद्यावर नावं सरकत होती. मला बरंच वाटलं, की चला, पस्तीस वर्षांच्या संसारानंतर का होईना, नवरा सुधारला.

"कसा होता?" मी विचारलं.

"चांगला होता," हे म्हणाले. मग विमान उतरेपर्यंत मला गोष्ट सांगितली. दोघं बहीणभाऊ. भाऊ रागानं घर सोडून गेलेला. एक मिशीवाला माणूस सारखा घरी येतो तो बहिणीचा सासरा. आणि शेवटी एस.टी. स्टँडवरच्या बाकावर दोघं, पायाशी भावाची बॅग. "परत येतो गं तो, राहायला. काय रडतात दोघं!" हे सांगताना ह्यांचाच आवाज जड झाला होता.

मी वैतागले. "शेवट सांगून टाकलात! आता मी काय बघू?"

"पुढच्या वेळी बघ. मीही बघीन परत."

पुढची वेळ आली नाही. तीन महिन्यांनी एका सकाळी हे दाढी करता करता खाली बसले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून मी एकटी घरी आले. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली.

एकटं राहण्याबद्दल लोक मला पुष्कळ सल्ले देतात. बागेत जा, हास्यक्लब लाव, भजनीमंडळात ये. हास्यक्लब! न येणारं हसू सकाळी सहा वाजता हात वर करून आणायचं! मला त्याचा संताप येतो. खरं सांगायचं तर मला माणसं नको असतात, एकच माणूस हवं असतं, आणि ते मिळण्यासारखं नाही. भांडं घेतानाही डोकं चालवावं लागतं. जन्मभर जो कुकर लावला त्यात आता वाटीभर भात तळाशी चिकटून बसतो. गेल्या पावसाळ्यात एकदा दूधवाल्याला म्हटलं, "उद्यापासून अर्धाच लिटर," तर आवाज असा फाटला की तो बिचारा विचारतो, "काकू, बरं नाही का?" बरं होतं. मी दोन दिवस कुणाशी बोललेच नव्हते, एवढंच. मग मी टीव्ही चालू ठेवायला लागले. बघत नाही. आवाज असतो घरात.

वायरीची पिशवी कपाटात होती. मी उघडली नव्हती. ह्यांचे कपडे दिले, चपला दिल्या, दुकानातलं सामान भागीदारांना नेऊ दिलं, पण त्या पिशवीची चेन उघडायचा धीर झाला नाही. त्या दुकानाच्या गल्लीतही मी गेले नाही. दगडूशेठला गेले तरी पलीकडच्या रस्त्यानं जायचं आणि पलीकडच्याच रस्त्यानं यायचं.

मग डिसेंबरात मुलगी म्हणाली, "आई, एप्रिलमध्ये ये. हवा छान असते. थेट विमान घेते, नऊ तासांत माझ्याकडे." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि सहज, केवळ सवयीनं, ह्यांचा कॉम्प्युटर उघडला. आमच्या नेहमीच्या विमान कंपनीचं पान ह्यांनी खूण करून ठेवलं होतं. त्या पानावर कोणत्या महिन्यात विमानात कोणते पिक्चर आहेत त्याची यादी असते. इंग्रजी पिक्चर दर महिन्याला बदलतात. मराठीचा खण मात्र कुणी झाडत नाही. तिथं वर्षानुवर्षं तेच तीन-चार पडलेले. त्यात तो होता! चिंचेचं झाड, झाडाखाली दोघं. मी खुर्चीतून उठलेच. मग पुढच्या महिन्यांची यादी बघितली. जानेवारीत होता. फेब्रुवारीत नव्हता.

मला तो पिक्चर बघायचा होता. नुसता बघायचा नाही, ह्यांच्या वायरीतून ऐकायचा होता. "मीही बघीन परत" म्हणाले होते ना, तर त्यांची निदान वायर तरी. आणि ती वायर ह्या जगात दुसऱ्या कशालाच बसत नव्हती. घरातल्या टीव्हीला नाही, फोनला नाही. दोन भोकांचं विमान, आणि तेही जानेवारी संपायच्या आत.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, एप्रिल नको, जानेवारी. थेट नको, आखातातून बदलून जाणारं. दोन्ही विमानं तीनशे तीस पाहिजेत.

"आई, इथं बर्फ असतो जानेवारीत! तुझे गुडघे? आणि पाच तास मध्ये बसणार? का पण?"

"त्यात पिक्चर चांगले असतात."

मग ती म्हणाली, "तू पिक्चर बघायला येतेयस की मला भेटायला?"

लागलं मला. तिला तेव्हाच सांगितलं असतं तर? पण काय सांगणार? तुझ्या बाबांची वायर लावायला येतेय? ती एकतर रडली असती, नाहीतर तिनं माझ्यासाठी एखादा डॉक्टर शोधला असता. मी म्हटलं, "भेटायचं काय, फोनवर दिसतेसच की रोज," आणि फोन ठेवला. माझी जीभ अशी आहे. आठ दिवस तिचा फोन नाही आणि माझाही नाही. त्या आठ दिवसांत ते घर किती मोठं आहे ते मला कळलं. नवव्या दिवशी तिकीट आलं. खाली एक ओळ होती: "दोन्ही तीनशे तीस. खूश?" मी खूश होते, आणि मला रडू येत होतं.

ऐनवेळी विमान बदलतात, हे मला ह्यांच्यामुळं माहीत होतं. म्हणून रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी बघत होते. प्रकार तोच आहे ना? आसन निवडताना मी वाटेकडची खुर्ची घेतली. खिडकीची जागा रिकामीच सोडली. एकटं माणूस खिडकी घेतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पिशवीची चेन उघडली. वायर, दोन हेडफोन, ह्यांचा वाचायचा चष्मा. ह्यांच्या हेडफोनच्या गाद्यांचे काळे पोपडे निघत होते आणि डोक्याच्या तेलाचा वास तसाच. मी चेन परत लावली आणि पिशवी तशीच हातातल्या बॅगेत टाकली.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत त्यांनी पिशवी बाजूला काढली. एक तरुण पोलीस बाई, आपलीच मराठी. दोऱ्यानं गुंडाळलेली वायर तिनं दोन बोटांत धरली. "काकू, हे काय आहे?"

"हेडफोनची वायर. माझ्या मिस्टरांनी घरी केलीय."

"मिस्टर कुठायत?"

"पुढे गेलेत," मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पिशवी दिली.

विमान भरलेलं होतं. खिडकीच्या जागी खराडीत नोकरी करणारा एक तरुण मुलगा, कंपनीच्या कामाला निघालेला. बोलायला बरा होता. विमान वर जाऊन स्थिर झालं तशी मी वायर काढली. दोन पिना भोकांत बसल्या, खट्कन्, ह्यांच्या हातून बसायच्या तशा. माझा हेडफोन वायरीच्या एका तोंडात खुपसला. मराठीचा खण उघडला. चिंचेचं झाड होतं. बटण दाबलं.

आवाज नाही.

पिन फिरवली, काढली, परत घातली. दुसऱ्या तोंडात घालून बघितली. आवाजाचं बटण शेवटपर्यंत नेलं. पडद्यावर म्हातारी ओठ हलवत होती. मुलगा म्हणाला, "काकू, वायर गेली असेल. ब्लूटूथ नाही का तुमच्याकडे? माझे देऊ?"

"नको," मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असावं, कारण त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. विमानानं दिलेला हेडफोन पाकिटात होता. त्याच्या दोन पिना थेट भोकांत बसल्या असत्या. पण मग मी एवढा आटापिटा कशासाठी केला होता? पिक्चर बंद करून मी नकाशा लावला आणि तीन तास त्या बाणाकडे बघत राहिले.

आखातातल्या त्या विमानतळावर पाच तास. इतकं झगमगीत सगळं, आणि मी एका खांबाला टेकून पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. स्वतःचीच लाज वाटत होती. मुलीचं मन दुखावलं, गुडघे सुजवून घेतले, थेट विमानानं एव्हाना पोचायला आले असते. आणि मिळवलं काय, तर तुटकी वायर! मग राग ह्यांच्यावर वळला. जन्मभर जगाच्या वस्तू दुरुस्त केल्यात, आणि घरची वायर दोन वर्षं टिकली नाही? गेलात ते गेलात, आवाजही घेऊन गेलात! मुलीचा संदेश आला, "पिक्चर झाला का?" मी फोन पालथा ठेवला.

दुसरं विमान निम्मं रिकामं होतं. खिडकीच्या खुर्चीवर कुणी आलं नाही. दार बंद झाल्याचं सांगितलं तेव्हा मी त्या खुर्चीकडे एकदा नीट बघून घेतलं. मग विमान वर गेल्यावर हात लांब करून त्या रिकाम्या खुर्चीसमोरच्या पडद्यावर नकाशा लावला आणि माझ्यावर पिक्चर. आज अदलाबदल.

वायर लावली. पुन्हा तेच. म्हातारीचे ओठ हलतायत आणि कानात नुसता विमानाचा घुमारा. तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली, जी पहिल्याच वेळी यायला हवी होती. कदाचित वायर चांगली असेल आणि माझाच हेडफोन गेला असेल. बघायचा उपाय एकच होता. मी पिशवीतून ह्यांचा हेडफोन काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा हातात घेतला. माझा कानावर तसाच होता. ह्यांची पिन मी वायरीच्या दुसऱ्या तोंडात घातली.

कानात म्हातारी एवढ्या मोठ्यानं बोलली की मी किंचाळले.

आवाज कमी केला. ह्यांच्या हेडफोनमधूनही बारीक आवाज येत होता. त्यांची पिन काढली, माझ्या कानातलं बंद. घातली, सुरू. मग माझी काढली, आणि त्यांचा हेडफोन कानाला लावून बघितला. बंद. घातली, सुरू. पाच-सहा वेळा केलं. हवाई सुंदरी येऊन विचारून गेली, काही मदत हवी का.

कप्पाळ माझं! गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या दिव्यांच्या माळा हे घरीच करायचे. एक दिवा काढला की अख्खी माळ बंद. अंधारात बसून कुठला दिवा गेलाय ते शोधायला मीच हातात दिवे धरून बसायची. ह्यांनी वायर तशीच जोडली होती, एकामागं एक. दोघांनी लावलं तरच दोघांना ऐकू येणार. एकानं काढलं की दुसऱ्याचाही आवाज गेला. चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाला ही चूक कळली नसेल? दोन्ही तोंडं वेगवेगळी जोडायला दहा मिनिटं पुरली असती. त्या दहा मिनिटांना सात-आठ वर्षांत वेळ मिळाला नाही, असं मला कुणी सांगू नये. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना!" खिडकीच्या खुर्चीला म्हटलं.

सांगणार काय होते? कोपर मारून सांगतच होते.

ह्यांचा हेडफोन मी त्या खुर्चीवर ठेवला, वायर ओढून तुटणार नाही असा, आणि पिक्चर पहिल्यापासून लावला. बघू लागले. अर्ध्या तासात तो मिशीवाला आला. तो बहिणीचा सासरा नव्हताच, घरातला भाडेकरू होता. मला हसू आलं. ह्यांचं लक्षच नव्हतं म्हणायचं! पुढं आणखी दोन ठिकाणी गोष्ट भलतीच निघाली. मी मनातल्या मनात ह्यांना झापत होते, की डोळे उघडे ठेवून बघत होतात की काय करत होतात?

मग एस.टी. स्टँड आला. बाकावर दोघं, पायाशी भावाची बॅग, दोघंही रडतायत, बहीण त्याच्या तोंडावरून हात फिरवतेय. सगळं अगदी ह्यांनी सांगितलं होतं तसं. आणि भाऊ म्हणत होता, "ताई, मी आता येणार नाही. कधीच येणार नाही. म्हणून एकदा भेटायला आलो." बॅग आणलेली नव्हती. नेण्यासाठी होती.

मी थांबवला पिक्चर.

ह्यांचं लक्ष होतं. ह्यांना ऐकूच येत नव्हतं. मी पिन काढून, गुंडाळी करून, पिशवी उशाला घेऊन झोपले होते. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, पण वाचायचा चष्माही त्याच पिशवीत, माझ्या डोक्याखाली. विमानाचा हेडफोन मागता आला असता, घेतला नाही. एक कोपर मारता आलं असतं. त्या एकाच वेळी नाही मारलं. मी दमले होते म्हणून. मुका पिक्चर हे शेवटपर्यंत बघत बसले, हललेसुद्धा नसतील. आणि मी उठल्यावर विचारलं तर म्हणाले, चांगला होता. मग न ऐकलेली गोष्ट, ओठांवरून आणि हातांवरून जशी समजली तशी, मला सांगितली. निरोप घेणाऱ्या माणसाला ते परत आलेला समजले.

मी रडले. चांगली हमसून रडले. दवाखान्यात रडले नव्हते तेवढी. नकाशावरचा बाण काळ्या समुद्रावर होता, आणि ह्यांना सांगायला पाहिजे होतं की अहो, तो येत नाही हो परत. मग वाटलं, बरंच झालं ऐकू आलं नाही ते.

उरलेला पिक्चर पाहिला. नावं सरकून संपेपर्यंत दोन्ही पिना काढल्या नाहीत.

विमानतळावर मुलगी उभी होती. जाड कोट, लाल नाक, बापासारखं कपाळ. मिठी मारली, पण तोंड अजून जरा वाकडंच होतं. गाडीत बसल्यावर काचेवरचं बर्फ पुसत तिनं विचारलं, "मग? झाला का पिक्चर? कसा होता?"

"चांगला होता."

"काय होतं एवढं त्यात?"

"दोघं बहीणभाऊ असतात," मी म्हटलं. "भाऊ घर सोडून गेलेला असतो."

"आणि?"

पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर हात ठेवला.

"आणि काय, परत येतो शेवटी," मी म्हटलं. "राहायला."